राबोडीतली बैठक
आज मंडळातर्फे ठाण्यातल्या राबोडीत शांतता समितीच्या बैठकीला गेलो. खरं सांगतो, चहा-बिस्किटांपलीकडे अपेक्षा नव्हती. पण पोलीस साहेबांनी भाषण न ठोकता थेट विचारलं, "नमाजच्या वेळी तुमचं ढोल-ताशा पथक कुठे असेल?" एका चाचांनी बोटांवर मिनिटं मोजून सांगितली. आमचा ताशेवाला म्हणाला, "चाचा, तेवढ्यात आमचा वडापाव होतो!" सगळे हसले.

मग भिवंडीचा विषय निघालाच. १९८४ ला दंगलीत होरपळलेलं गाव. १९८८ मध्ये डीसीपी सुरेश खोपडे आले, त्यांनी मोहल्ला कमिट्या, म्हणजे वस्तीतले हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस यांच्या समित्या, उभ्या केल्या. ९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत होती. इथून तासाभरावर, आणि मला आज कळतंय!

निघताना चाचांचा नंबर घेतला. 'चाचा राबोडी' म्हणून सेव्ह केलाय. नाव विचारायचं राहिलंच.