मागे वळणारी आकृती : मातीकडून मेणाकडे

मागे वळणाऱ्या आकृतीच्या माझ्या शिल्पाचे मातीकाम आता संपले असून साच्यातून, पुढे ब्राँझमध्ये ओतण्यासाठीची, मेणाची प्रतही निघाली आहे. चालता चालता हाक ऐकून मागे पाहणारी ही स्त्री साधारण 40 सेंटीमीटर उंचीची आहे आणि तिच्यातली गती लांब टाकलेल्या पावलाने नव्हे, तर शरीराच्या पिळाने दिसावी, यासाठी हा सारा खटाटोप आहे.

यात आधार फ्रेंच शिल्पकार रोदँचा घेतला आहे. छायाचित्रात सगळे अवयव एकाच क्षणी पकडलेले असल्यामुळे चालणारा माणूस गोठल्यासारखा दिसतो; शिल्पकाराने मात्र वेगवेगळ्या अवयवांत एकापाठोपाठचे क्षण ठेवावेत, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या ‘चालणारा माणूस’ या मस्तक आणि हात नसलेल्या शिल्पात दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले आहेत. एवढी ढांग टाकताना खऱ्या माणसाची मागची टाच उचललेली असती. तरीही आपली नजर मागच्या पायाकडून पुढच्या पायाकडे सरकते आणि चाल घडते.

माझ्या आकृतीत हा क्रम खालून वर चढतो : पुढच्या पावलाला हाक अजून ऐकूच आलेली नाही, कंबर वळू लागली आहे, खांदे बरेच वळले आहेत आणि नजर तर पोहोचलीसुद्धा. वरून पाहिल्यास खांद्यांची आणि कटीची रेषा यांत सुमारे 40 अंशांचा कोन ठेवला आहे. तो वाढवला की कंबर मुरगळल्यासारखी दिसते आणि कमी केला की नुसती मान फिरवल्यासारखे वाटते.

इटालियन शिल्पकार बोच्चोनीने 1913 साली वेगळी वाट धरली आणि एका शिल्पात धावत्या शरीराने ढवळलेल्या हवेलाच आकार दिला. (ते शिल्प त्याच्या हयातीत प्लास्टरमध्येच राहिले, ज्या चकाकत्या ब्राँझवरून आपण त्याचा वेग जोखतो, ते 1916 मधील त्याच्या मृत्यूनंतर ओतले गेले.) मला ती वाट मोहक वाटते, परंतु तिथे वजन हरवते, आणि वजनाशिवाय वळणे पटत नाही.

वजनाच्या बाबतीत ब्राँझ उदार आहे. ताण सोसणारा हा धातू आकृतीला एका बारीक घोट्यावर तोलू देतो. ग्रीक ब्राँझच्या रोमन संगमरवरी प्रतींना मात्र पायाशी झाडाचे खोड जोडावे लागे. म्हणून मागची टाच मी निःशंकपणे उचलली आहे.

मेणावर आता पाठीतले बोटांचे ठसे पिळाच्या दिशेने पुन्हा ओढतो आहे, कारण ब्राँझवर प्रकाशाची रेघ जिकडे धावते तिकडेच डोळा जातो आणि आडवा ठसा तिला मध्येच तोडतो. पॅटिना, म्हणजे ब्राँझच्या पृष्ठभागावर रसायनांनी चढवलेला रंगही, याच कारणासाठी पातळ, तपकिरी ठेवण्याचा विचार आहे; दाट काळा रंग ही रेघ गिळून टाकेल. ओतकामासाठीच्या मेणाच्या नळ्या (ज्यांच्या जागेतून वितळलेले ब्राँझ आत जाते) पाठीला न लावता तळपाय आणि केसांच्या अंबाड्याला जोडणार आहे, म्हणजे त्या कापल्यावर घासकाम पिळाच्या पृष्ठभागापासून दूर राहील.