शिट्टी कुणाच्या कुकरची?

लालबागच्या चाळीत संध्याकाळी साडेसात ते साडेआठ एका गॅलरीत किती कुकर लागतात हे मी त्या आठवड्यात पहिल्यांदा मोजलं, अकरा. आणि अकराच्या अकरा कुकरच्या शिट्ट्यांना आमची टिकली ही कुत्री उठून, मी जिच्या घरी तिला शिकवत होते त्या ताईंच्या गुडघ्याला नाक लावत होती.

मी कर्णबधिर माणसांसाठी कुत्री तयार करते. अंध माणसासोबत चालणारा कुत्रा लोकांना निदान ऐकून माहीत असतो, पण ऐकू न येणाऱ्या माणसाचा कान होणारा कुत्रा म्हटलं की समोरचा बघत राहतो. ब्रिटनमध्ये १९८२ पासून हे काम चालू आहे, आपल्याकडे अजून समजावूनच सांगावं लागतं. आवाज झाला की कुत्र्याने जाऊन माणसाला नाकाने किंवा पंजाने स्पर्श करायचा, माणसाने हाताने "काय?" विचारलं की त्याला आवाजापाशी घेऊन जायचं. धोक्याचा अलार्म असेल तर मात्र तिकडे न्यायचं नाही, तिथेच आडवं पडायचं. यासाठी लॅब्रॅडॉरच लागतो असंही नाही, टिकली दीड वर्षाची इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री आहे, एक कान उभा, एक पडलेला.

ताईंना लहानपणापासून ऐकू येत नाही. नवरा दुसऱ्या पाळीला, सासूबाई संध्याकाळी भजनाला, घरी त्या आणि सहा वर्षांची मुलगी. कुकर लावला की ताई ओट्यापाशीच उभ्या राहायच्या, शिट्टी उडते का ते बघत, मधे दुसरं काम नाही. म्हणून कुकरपासून सुरुवात केली. आमच्या ट्रेनिंग सेंटरमधे टिकली पक्की होती, इथे सगळं फिसकटलं, कारण भिंतीपलीकडची शिट्टी आणि घरातली शिट्टी यात फरक करायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. चूक माझी. मग कुकरमधे नुसतं पाणी घालून शिट्ट्या काढत बसलो, घरच्या शिट्टीला उठली की उकडलेल्या चिकनचा तुकडा, शेजारच्या शिट्टीला काहीच नाही, ओरडायचं पण नाही. पाच मिनिटं काम, मग आराम, परत पाच मिनिटं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं पोरी, सिलेंडर काय फुकट येतो का?" बरोबरच होतं त्यांचं. मी पुढच्या वेळी येताना माझी इंडक्शन शेगडी घेऊन आले. चौथ्या दिवशी शेजारी तीन शिट्ट्या झाल्या, टिकलीने फक्त उभा कान हलवला आणि पडून राहिली. मला तेव्हाच रडू आलं होतं खरं तर.

पण मला सांगायचंय ते पाचव्या दिवसाचं. मुलगी पोटमाळ्यावर अभ्यास करत होती. अचानक वरून खोडरबर आलं आणि ताईंच्या पाठीला लागलं. ताईंनी वर बघितलं, पोरीने हाताने काहीतरी विचारलं, ताईंनी उत्तर दिलं, दोघींच्या दृष्टीने रोजचंच. मी विचारलं तर मुलगी म्हणाली, "आईला बोलवायचं असलं की मी फेकते. खाली असले की पाय आपटते, पण वरून पाय आपटला तर तिला कळत नाही." मी दोन महिने बेल, कुकर, मोबाईल अशी यादी घेऊन बसले होते आणि या घरातला सगळ्यात महत्त्वाचा आवाज त्या यादीत नव्हताच.

मी कामचलाऊ साइन लँग्वेजमधे ताईंना विचारलं, शिकवू का? ताईंनी लगेच शेगडी बंद केली.

मुलीच्या हातात चिकन, ताईंच्या हातात चिकन. मुलीने म्हणायचं "टिकली, आईला बोलव", ताईंनी मांडीवर थाप मारायची, टिकलीने नाक लावलं की तुकडा, मग दोघींनी मिळून मुलीकडे, तिथे दुसरा तुकडा. आधी दोन फुटांवरून, मग दारातून. नाक लावून न्यायचं तिला आधीच येत होतं, त्यामुळे पटकन जमलं, अर्थात एका संध्याकाळी जमलं म्हणजे पक्कं झालं असं नाही, त्याला अजून कित्येक आठवडे लागतात.

शेवटी मुलगी वर गेली. ताई पाठमोऱ्या कणीक मळत होत्या आणि मी मांडीवर थाप मारू नका असं आधीच सांगितलं होतं. वरून हळू आवाज आला, "टिकली, आईला बोलव." टिकली उठली, एकदा माझ्याकडे बघितलं, मी नजर वळवली, मग जाऊन ताईंच्या पोटरीला नाक लावलं. ताईंनी कणकेच्या हातानेच "काय?" विचारलं. टिकली शिडीच्या पहिल्या पायरीवर पुढचे पाय ठेवून वर बघत उभी राहिली.

ताई चार पायऱ्या चढल्या. मुलीने वही पुढे केली, तिला ण काढून हवा होता.

त्यानंतर तासाभरात तिने आईला नऊ वेळा बोलावलं, काम काहीच नव्हतं. ताई नऊही वेळा शिडी चढल्या. चिकन संपलं तेव्हा आम्ही चपातीचे तुकडे करून ठेवले.