ओले आणि कोरडे

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशी ओल्या-सुक्याच्या बाबतीत फार कडक आहेत. परवा त्यांनी माझ्या हिरव्या डब्यातली करवंटी उचलून धरली. "ही सुक्यात."

"अहो, नारळ आत्ता फोडलाय. ओलीच आहे ती."

"असू दे ओली. सुक्यात."

मला ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर आठवल्या. या बाईंनी आपल्याच हुजूर पक्षाचे असे दोन डबे केले होते. तिथल्या बड्या शाळांमधली पोरं लेच्यापेच्या मुलाला 'वेट' म्हणत, म्हणजे ओला. १९७९ मध्ये बाई पंतप्रधान झाल्या आणि सरकारी खर्चाला कात्री लावायला कचरणारे स्वपक्षीय 'वेट' ठरले. बाईंच्या बाजूचे ते 'ड्राय'.

मराठीत ही शिवी लागूच पडत नाही. आपल्याकडे ओलावा असलेला माणूस म्हणजे चांगला माणूस. उलट स्थळ बघून आल्यावर आत्या "माणसं जरा कोरडीच वाटली" म्हणाली की पत्रिका परत गेलीच म्हणून समजा. बाईंच्या मंत्रिमंडळातले 'वेट' इयन गिल्मर यांना कोणी मराठीत 'ओले' म्हटलं असतं, तर त्यांनी बहुधा आभार मानले असते.

१९८१ च्या अर्थसंकल्पात बाईंचे अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी ऐन मंदीत कर वाढवले. ३६४ अर्थतज्ज्ञांनी 'द टाइम्स'ला निषेधाचं पत्र लिहिलं. पुढच्या जानेवारीत बेकार ३० लाखांवर गेले. ओले मंत्री अस्वस्थ होते, पण अर्थसंकल्पावरून राजीनामा एकानंही दिला नाही. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या जावांसारखे स्वयंपाकघरात कुरकुरत राहिले. १९८१ च्याच सप्टेंबरात बाईंनीच डबा रिकामा केला. गिल्मर गेले, ख्रिस्तोफर सोम्स गेले, जिम प्रायर यांची रवानगी उत्तर आयर्लंडला झाली. एखाद्याला जहाजावरून फेकायला हरकत नाही, पण जहाजच खडकांकडे निघालं असेल तर त्याचा उपयोग काय, असं गिल्मर जाता जाता ऐकवून गेले.

गंमत पुढेच आहे. बाईंना अखेर धक्का दिला तो कुठल्या ओल्यानं नाही, त्याच खडखडीत कोरड्या हाऊंनी. यांच्या टीकेला मजूर पक्षाच्या डेनिस हीलींनी मेलेल्या मेंढीचा हल्ला म्हटलं होतं! युरोपच्या प्रश्नावरून राजीनामा देऊन १३ नोव्हेंबर १९९० ला हाऊ संसदेत उभे राहिले आणि नेहमीच्या संथ, एकसुरी आवाजात म्हणाले, की सलामीच्या फलंदाजांना मैदानात धाडायचं आणि कप्तानानंच त्यांच्या बॅटी आधी मोडून ठेवायच्या, असं चाललंय. नवव्या दिवशी बाईंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं.

त्यानंतर पक्षात खर्चावरून भांडायला कोणाला फारशी सवड राहिली नाही. डबे तेच, त्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या: युरोपात राहणारे आणि बाहेर पडणारे. २०१९ च्या सप्टेंबरात बोरिस जॉन्सन यांनी करार न करता युरोपातून बाहेर पडण्याला आडवे आलेल्या आपल्या २१ खासदारांना संसदीय गटातून काढलं. त्यात चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. १९८१ मध्ये घरी पाठवलेल्या ख्रिस्तोफर सोम्स यांचे चिरंजीव. महिनाही तोच, सप्टेंबर. पुढच्याच महिन्यात त्यातल्या दहा जणांना परत घेतलं, त्यात हेही होते.

मावशींनी माझी करवंटी मात्र पोत्यात टाकली नाही. खालच्या काकूंना चिमण्यांना पाणी ठेवायला हवी होती म्हणे.