तुम्ही विचारलंत म्हणून: मागचे स्पीकर कुठले घेऊ?

गणपतीत घरी आलेल्यांपैकी एक जण तरी आरती आटोपली की हातात मोदकाची ताटली घेऊन आमच्या हॉलच्या भिंतींकडे बघत विचारतोच, "होम थिएटर घ्यायचंय, मागचे स्पीकर कुठले घेऊ?" त्याला कंपनीचं नाव हवं असतं. मी उलट विचारतो, "तुमचा सोफा भिंतीला टेकलाय का?" टेकलेलाच असतो. दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये दुसरीकडे ठेवणार कुठे?

म्हणजे मागच्या स्पीकरना मागे जागाच नाही. पण ५.१ मध्ये, म्हणजे समोर तीन, बाजूंना दोन आणि खर्जासाठी एक सबवूफर अशा मांडणीत, ते खरं तर पाठीमागे नसतातच. तुम्ही घड्याळाच्या मधोमध बसलात आणि टीव्ही बाराच्या आकड्यावर आहे असं समजा. मग एक स्पीकर चारच्या किंचित अलीकडे आणि दुसरा आठच्या किंचित पलीकडे हवा. दोन्ही कानाच्या पातळीपेक्षा फूट-दोन फूट वर. सोफा भिंतीलाच असेल तर सरळ तीन आणि नऊवर, म्हणजे दोन्ही कुशींना लावा. चालतं. पाठीमागची जादा जोडी ७.१ मध्ये येते, आणि तिचा विचार सोफ्यामागे चार फूट मोकळे असणाऱ्यांनी करावा.

हे मला पैसे घालवून कळलं. पहिला सेट घेतला तेव्हा दुकानातून आलेल्या मुलानं दोन्ही स्पीकर मागच्या भिंतीच्या कोपऱ्यांत, छताला लागून ठोकले आणि अर्ध्या तासात गेला. संध्याकाळी पिक्चर लावला. पडद्यावर धो धो पाऊस, आणि आमच्याकडे पोटमाळा गळतोय असं वाटावं असा आवाज. मग मी ते खाली, कानाशी आणले. तेव्हा आई सोफ्याच्या डाव्या टोकाला बसायची, स्पीकरपासून दोन फुटांवर. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, या डब्यात कोण सारखं कुजबुजतंय? मला पिक्चरमधलं काही कळत नाही." तिचं बरोबर होतं. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं चढतो, त्यामुळे टोकाला बसलेल्याला तो एकच स्पीकर ऐकू येतो. शेजारी बसलेल्याच्या डोक्यावरून आवाज जावा, म्हणून तर ती फूट-दोन फूट उंची.

आता कुठले घ्यायचे ते. लहान घ्या. चार-पाच इंची वूफरचे (खालचे सूर काढणारा शंकू), भिंतीला लागणारे. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे खर्जाचा, सगळा भार रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा) सबवूफरकडे पाठवतो, त्यामुळे बाजूला टॉवर उभे करून फक्त झाडूवाल्या बाईंची अडचण होते. पाठीला पोर्टचं, म्हणजे हवा बाहेर जाण्याचं, भोक असलेला स्पीकर भिंतीला चिकटवू नका, घुमतो. पूर्ण बंद किंवा पुढे भोक असलेला बघा. आणि शक्यतो समोरच्या स्पीकरच्याच मालिकेतले घ्या. समोरून निघालेली मोटरसायकल कानामागे जाईपर्यंत स्कूटर होऊ नये, एवढंच.

"मागे काय, काहीही चालतं" असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचं एके काळी खरं होतं. १९८७ च्या डॉल्बी प्रो लॉजिक या घरच्या सराउंड-आवाजाच्या पद्धतीत मागचा चॅनल, म्हणजे आवाजाचा स्वतंत्र प्रवाह, एकच असायचा, तोच दोन्ही स्पीकरना जायचा, आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचं त्यात काही नसायचं. १९९२ मध्ये थिएटरांत डॉल्बी डिजिटल आलं आणि डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा, पूर्ण आवाज मिळाला. पुढे तो घरीही आला. काका तेवढे ८७ मध्ये राहिले.

तरीही या जोडीवर सगळ्यात कमी पैसे घाला. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. बजेट तिथे जाऊ द्या. वायरलेस घेतलेत तरी बहुतेकांना प्लग लागतोच, आणि सोफ्यामागे प्लग नसतो. मी १.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर केसिंग-पट्टीतून नेली. दिसते. दिसू दे.

मग फोन येतो, "मागचे बंदच आहेत!" बहुतेकदा टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वर असतो आणि रिसीव्हरपर्यंत दोनच चॅनल पोचतात. तो 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो'वर टाका. हे करूनही ते बराच वेळ गप्प राहिले तर तसंच असतं. दोन माणसं खोलीत बोलत असताना मागून काय येणार? पैसे दिलेत म्हणून आवाज वाढवत बसू नका.

आणि ड्रिल मारण्याआधी आठवडाभर वायर मोकळी सोडून, स्पीकर स्टुलांवर ठेवून ऐका. मी उंचीसाठी खाली स्टीलचे डबे घेतले. रिकामा डबा खणखणतो, म्हणून डाव्या बाजूला साबुदाण्याचा भरलेला डबा लावला होता. जागा अगदी हवी तशी जमली होती. सहाव्या दिवशी संकष्टी आली.