कुंडीतला सेन्सर वायरविना: ब्रिज गेला, डबलर आला

बाल्कनीतल्या कुंडीत पुरलेल्या ओलाव्याच्या सेन्सरला आता एनएफसी रीडरच्या (मोबाइल टेकवून पैसे देतात तसल्या जवळच्या वायरलेस यंत्राच्या) १३.५६ मेगाहर्ट्झ फील्डवर नीट ३ व्होल्ट मिळतायत. डबी पूर्ण सीलबंद, आत सेल नाही. कॉइलमधल्या एसीचा डीसी करायला आधी ब्रिज (चार डायोडांचा रेक्टिफायर) होता. फरक पडला तो काढून व्होल्टेज डबलर, म्हणजे दोन डायोड आणि कपॅसिटर वापरून जवळपास दुप्पट डीसी देणारी जोडणी, लावल्यामुळे.

हिशेब बघा. कॉइलवर पीकला २ व्होल्ट धरू. ब्रिजमध्ये करंट एका वेळी दोन डायोडांतून जातो. साध्या सिलिकॉनचे ०.७ दोनदा गेले की उरतात ०.६, म्हणजे कार्यक्षमता फार तर ३० टक्के. शॉटकीचे (कमी व्होल्टेज खाणाऱ्या डायोडाचे) ०.३ धरले तर १.४ व्होल्ट, ७० टक्के. डबलरमध्ये दर अर्ध्या सायकलला एकच डायोड आड येतो: दोन्ही अर्ध्यांचे मिळून ४ पैकी ३.४ व्होल्ट, ८५ टक्के. मोबाइल चार्जरमध्ये या ०.३ ला कोणी विचारत नाही. इथे सगळा खेळ त्याचाच. मात्र तोच लोड डबलरमुळे कॉइलला ब्रिजच्या चौपट जड पडतो, क्यू (ट्यून केलेल्या कॉइलचा रेझोनन्स किती तीव्र याचं माप) उतरतो. सेन्सर मिलिअँपिअरच्या आत खातो म्हणून परवडतं.

आता डायोड. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नुसतं 'शॉटकी द्या' म्हटलं की बहुतेक वेळा १एन५८१९ पुढे येतो. पॉवर सप्लायला उत्तम, इथे नको. त्याची जंक्शन कपॅसिटन्स ४ व्होल्टला सुमारे ११० पिकोफॅरड, आणि १ मायक्रोहेन्रीची कॉइल १३.५६ ला ट्यून करायला एकूण लागतात १३८! शिवाय व्होल्टेज बदललं की ती कपॅसिटन्सही बदलते, ट्यूनिंग हलतं. बॅट५४एस घ्या. १० पिकोफॅरडच्या आसपास, आणि एकाच इवल्या पॅकेजमध्ये दोन डायोड सिरीजमध्ये, म्हणजे डबलरची जोडी तयारच मिळते.

ट्यूनिंग लोड लावूनच करा, ट्रिमर (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर) प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवा. लोखंडी टोक जवळ नेलं की आकडा सरकतो, काढलं की परत येतो. कॉइलवर ऑसिलोस्कोपचा प्रोब लावू नका, १०एक्सवरही तो दहा-पंधरा पिकोफॅरड वाढवतो. मल्टिमीटर डीसी बाजूला लावला की काम भागतं. ५.१ व्होल्टचा झेनरही (त्यावर व्होल्टेज जाऊ न देणारा डायोड) तिथेच, कारण रीडर अगदी जवळ आला की व्होल्टेज झपकन चढतं.

पुढे क्रॉस-कपल्ड मॉस्फेट, म्हणजे डायोडांऐवजी एकमेकांना चालूबंद करणारे ट्रान्झिस्टर, करून बघायचाय; त्यात डायोडाचा ड्रॉप वाचतो. पण गेट चार्ज-डिस्चार्ज करण्यातला खर्च फ्रीक्वेन्सीच्या पटीत वाढतो, त्यामुळे मिलिवॅटभर लोडला १३.५६ वर ती बचत हाती लागेल असं मला वाटत नाही. ६.७८ वर तो निम्मा होईल, म्हणून आधी तिथली कॉइल गुंडाळतोय.