दारव्ह्याहून वर्ध्याला: आबाजींची मार्क टू अ‍ॅम्बॅसेडर गॅरेजात नेताना

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी कुटाराच्या, म्हणजे सुक्या चाऱ्याच्या, कोठ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली आबाजींची 1968 ची अ‍ॅम्बॅसेडर अखेर वर्ध्याजवळच्या गॅरेजात पोचली. आपल्याकडे अशा गाड्या अजून कितीतरी वाड्यांमध्ये उभ्या आहेत. त्या भंगारात जाऊ नयेत, म्हणून हे लिहितोय.

खरी मेहनत कोठ्यातच लागते. चारही चाकं जाम होती. गाडी फार काळ उभी राहिली की ब्रेक शू (आतून दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) चाकाच्या ड्रमला चिकटतात. अशा वेळी घाईने ट्रॅक्टर लावून ओढू नका, शूचं लाइनर उखडतं. आम्ही ब्रेकचे अ‍ॅडजस्टर सैल केले, ड्रमवर लाकडी हातोडीने हलके ठोके दिले, तेव्हा चाकं सुटली. बॅटरी तर लावूच नका. सीटखाली उंदरांनी घर केलं होतं आणि वायरिंग कुरतडलेलं होतं. उघड्या तारेची एक ठिणगी आणि भोवती कुटार! प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी हँडलने इंजिन हातानेच फिरवलं. फिरलं, तेवढ्यावर थांबलो. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट होतं, ते कार्बोरेटरात जाऊ द्यायचं नव्हतं.

वावराच्या धुऱ्यापासून डांबरीपर्यंत ट्रॅक्टरने सावकाश आणली, पुढे फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक. हे काम पावसाळ्यात काढू नका, काळ्या मातीत फ्लॅटबेड आत येतच नाही. गाडी आवळायचे पट्टे बंपरला बांधू देऊ नका, एक्सलला बांधून घ्या. यवतमाळपर्यंत हळू चालवायला सांगितलं, पुढचा रस्ता रुंद आहे. कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि पट्टे पुन्हा आवळले; गाडी बसली की ते सैल पडतातच. पुढे देवळीवरून थेट वर्धा.

गॅरेजात गाडी उचलल्यावर मी रंगाचं विचारलं, तर पत्र्याचं काम करणारे डेंटर म्हणाले, "भाऊ, आधी खालून पाहू द्या. रंगाचं मंग पाहू." दाराखालच्या पट्टीत त्यांनी पेचकस घातला आणि आतून काळी माती पडली. उन्हाळ्यातही दमट. तिनेच पत्रा आतून खाल्ला होता, बाहेरून मात्र रंग शाबूत. अ‍ॅम्बॅसेडरला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडीच सगळा भार घेते. ही पट्टी आणि फ्लोअर कुजला तर दारं नीट लागत नाहीत, जॅक लावला की पत्रा आत जातो. म्हणून माझं ठाम मत आहे: पहिला पैसा खालच्या पत्र्यावर घाला, रंगाचं शेवटी. गॅरेजात जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. तो जिथे धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. नवा पत्रा जोडल्यावर प्रायमर मारण्याआधी जाऊन बघा, नंतर काही दिसत नाही.

तिथे कुणीतरी डिझेल इंजिन बसवून घ्या म्हणालं. अ‍ॅव्हरेज वाढेल, खरंय. पण मूळ 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन शाबूत असताना मला ते पटलं नाही, आणि त्यात नियमाचाही भाग आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोज तालुक्याला न्यायची असेल, तर साध्या आरसीचंच नूतनीकरण करा. दोन्हीसाठी चेसिस नंबर वाचता आला पाहिजे, म्हणून घासकाम सुरू होण्याआधी त्यावर टेप लावून घ्या आणि फोटो काढा.

अंदाजपत्रक एकगठ्ठा घेऊ नका. पत्रा, ब्रेक, इंजिन, वायरिंग, रंग असं टप्प्याटप्प्याने लिहून घ्या आणि झालेल्या कामाचेच पैसे द्या. क्रोमच्या पट्ट्या, बोनेटवरचं चिन्ह, हॉर्नची रिंग, मीटर हे सगळं काढून, पुडकी बांधून घरी आणा. गॅरेजात ते हरवलं तर पैसे देऊनही लवकर मिळत नाही.