भिंतीला पाठ

नोकरदार माणसाला पगाराबद्दल विचारा, तो सावरून बोलतो. बसायच्या जागेबद्दल विचारा, लगेच मोकळा होतो. एसीचा झोत कुणाच्या टाळूवर येतो, कुणाच्या पाठीमागून साहेबांची ये-जा असते, सगळं त्याला तोंडपाठ.

आमचं ऑफिस छत्रपती संभाजीनगरातच नव्या काचेच्या इमारतीत गेलं. केबिन नाहीत, पार्टिशन नाहीत, लांबच लांब टेबलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी सेल्फी काढले. मे महिन्यात पारा ४२ वर गेला आणि पश्चिमेच्या काचेवर आतून थर्माकोल, जुनी कॅलेंडरं, कुणाचा तरी टॉवेल असं काय काय चढलं. डिझायनरनं उजेडासाठी काढलेली भिंत आमच्या लोकांनी चिकटपट्टीनं परत उभी केली. अकाउंट्सचे काका बीडकडचे. ते म्हणाले, "कामून एवढी काच लावली? हितं काय बर्फ पडायलाय का?"

गंमत म्हणजे ऑफिसातल्या पार्टिशनच्या ज्या खुराड्यांना आपण नावं ठेवतो, त्यांचा जन्म चांगल्या हेतूनं झाला. अमेरिकेतल्या हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६४ मध्ये 'ॲक्शन ऑफिस' आणलं आणि १९६८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती. हलवता येणारे पडदे, तेही १२० अंशांत ऐसपैस उघडलेले; ज्यानं त्यानं आपला कोपरा आपल्या कामाप्रमाणे मांडावा. कंपन्यांनी ते काटकोनात दाबून तेवढ्याच जागेत जास्त माणसं बसवली. प्रॉप्स्ट स्वतःच पुढे या प्रकारावर चिडले.

मग खुराडी मोडून मोकळी ऑफिसं आली, लोक एकमेकांशी बोलतील म्हणून. बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी दोन कंपन्यांत लोकांच्या गळ्यात सेन्सर घालून मोजलं. २०१८ मध्ये छापून आलं, की भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. आमच्याकडे सेन्सरची गरज नाही. शेजारचा कानात इअरफोन घालून मला व्हॉट्सॲपवर विचारतो, "डबा खायला चलतो का?"

त्या अख्ख्या मजल्यावर खरी मागणी एकाच जागेला आहे: खांबाआडच्या. खिडकी नाही, पाय पसरता येत नाहीत, नकाशात ती बहुधा चुकून राहिलेली. पण पाठीला भिंत आहे आणि स्क्रीन कुणाला दिसत नाही. तिथल्या माणसाची नांदेडला बदली झाली, तर निरोपाचा हार गळ्यात पडायच्या आत टेबलावर दोघांचे डबे येऊन बसले होते. शेवटी ज्येष्ठतेनं काका जिंकले. त्यांनी घरून छोटा टेबलफॅन आणला, रेग्युलेटर आपल्या हाताकडं वळवून ठेवला. 'खासगी विद्युत उपकरणं वापरू नयेत' असा मेल आला, त्या दिवशी फॅन ड्रॉवरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच बाहेर आला.